निन्टेंडो स्विचसाठी पहिला जपानी गेम कोणता घ्यावा?

स्विच म्हणजे हातात धरून खेळायचे गेमचे यंत्र. जळगावात आमच्या गेमच्या दुकानात काउंटरवर हा प्रश्न रोज एकदा तरी येतो. पाचोरा, एरंडोल, अमळनेरहून येणारी मुले बहुधा यूट्यूबवर पाहून नाव ठरवूनच आलेली असतात. आमचे म्हणणे असे की नाव नंतर, आधी आपली वाचायची सवय बघा. जपानी रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेममध्ये, लांबलचक गोष्ट असते आणि ती इंग्रजीत लिहिलेली असते. मराठी माध्यमातल्या मुलालाही ती नीट कळते, फक्त जरा वेळ लागतो. म्हणून पहिला गेम तो वेळ देणारा असावा.

आमची पसंती ‘ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हन एस’ला. या मालिकेचा पहिला गेम १९८६ साली आला, स्विचवरचा हा २०१९चा. पात्रे काढली आहेत ‘ड्रॅगन बॉल’ या जपानी चित्रकथेच्या अकिरा तोरियामांनी. सुरुवातीलाच निळा, थेंबासारखा, हसरा स्लाइम नावाचा शत्रू समोर येतो. पडद्यावर पर्याय उमटतात: वार, मंत्र, बचाव. तुम्ही बटण दाबेपर्यंत तो तिथेच डुलत राहतो. एखादा शब्द अडला, ताईला विचारून आलात, तरी काही बिघडत नाही. संवादही बटण दाबल्यावरच पुढे सरकतो. याचा डेमो फुकट मिळतो आणि तो कित्येक तास चालतो. पुढे पूर्ण गेम घेतलात तर डेमोत जिथे थांबलात तिथूनच सुरू करता येतो. आधी डेमो खेळा, मग पैसे द्या.

ज्याला थांबणे जमतच नाही, हात सतत चालू हवेत, त्याने ‘ईज एट’ घ्यावा. जहाज फुटते, माणसे एका निर्जन बेटावर विखुरतात आणि नायक अॅडॉल त्यांना शोधत फिरतो. वाटेत दरड कोसळलेली असते, ओंडके आडवे पडलेले असतात. ठरावीक माणसे जमल्याशिवाय ते हलत नाहीत, गावकीच्या कामासारखेच. सापडलेल्या प्रत्येक माणसाचा पुढे उपयोग होतो, म्हणून हा गेम आम्हाला फार आवडतो.

चार मित्रांकडे चार स्विच असतील तर ‘मॉन्स्टर हंटर राइज’. चौदा प्रकारची हत्यारे आहेत. पहिल्याच दिवशी सगळी चाळत बसू नका, एकच धरा आणि हात बसू द्या. एकत्र खेळायला प्रत्येकाकडे गेम हवा, एका कार्डावर (गेम ज्यात येतो ती यंत्रात घालायची छोटी चकती) चौघांचे भागत नाही.

पालकांना एक विनंती. ‘पर्सोना ५ रॉयल’ गेम म्हणून उत्तम आहे, शाळकरी मुलांच्या चित्रांमुळे तो लहानांचा वाटतो, पण तो लहानांचा नाही. सतरा वर्षांखालील मुलासाठी आम्ही तो सुचवत नाही.

कार्ड कुठल्याही देशातले चालते, पण जपानमध्ये छापलेल्या काही कार्डांत फक्त जपानी भाषा असते. बाहेरून मागवताना डब्याच्या मागे इंग्रजी आहे का ते पाहा. कार्ड चवीला मुद्दाम कडूजहर केलेले असते, बाळाने तोंडात घालू नये म्हणून. घरात रांगते मूल असेल तरी कार्ड डब्यातच ठेवा. तुम्ही कुठवर खेळलात ते कार्डात नाही, यंत्रात साठते. त्यामुळे कार्ड आमच्याकडे देऊन दुसरे नेले तरी जुना खेळ पुसला जात नाही.

आणि आपला उन्हाळा. स्विच पस्तीस अंशांपर्यंतच्या तापमानात वापरायचा असतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा कुठे जातो ते सांगायला नको. दुपारी गाडीत ठेवू नका, गादीवर पालथा घालून चार्जिंगला लावू नका. वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते, ती जाळी मोकळी राहू द्या. लाइट गेली तर २०१९नंतरचा मोठा स्विच एका चार्जिंगमध्ये साडेचार ते नऊ तास चालतो, ‘स्विच लाइट’ हे छोटे मॉडेल तीन ते सात.

दुकानात एक स्विच खेळून बघण्यासाठी ठेवला आहे, त्यात वरचे पहिले दोन्ही गेम आहेत. मुलाला सोबत आणा, अर्धा तास त्याच्या हातात द्या, घाई नाही.