ठरणं आणि तोडणं

"ठरल्यासारखंच आहे, पण अजून डिसाइड नाही केलं." दहावी-बारावीचे निकाल लागले की हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. 'ठरवणं' आणि 'डिसाइड करणं' यांचा शब्दकोशातला अर्थ एकच. तरी बोलणाऱ्याला दोन्ही शब्द लागतात आणि ऐकणाऱ्यालाही त्यांतला फरक बरोबर कळतो. मला हा फरक फार मोलाचा वाटतो, कारण निर्णय घेताना मेंदूत काय घडतं ते समजायला तो थेट उपयोगी पडतो.

'डिसाइड' हा शब्द मूळ लॅटिन. 'देकीदेरे'मधला 'दे' म्हणजे दूर, वेगळं आणि 'काएदेरे' म्हणजे कापणं. शस्त्रक्रियेत घेतला जाणारा छेद, म्हणजे 'इन्सिजन', याच धातूतून आला. 'पेस्टिसाइड'च्या शेपटीतलं 'साइड'ही तिथलंच. तिथे कापण्याचा अर्थ ठार मारण्यापर्यंत गेला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा तो दोघांच्या भांडणाचा निवाडा करण्यासाठी वापरत. स्वतःच्या मनाशी काही पक्कं करणं हा अर्थ त्याला बराच उशिरा मिळाला. आपल्या 'फैसला'मागच्या अरबी धातूचाही अर्थ वेगळं करणं, तोडणं असाच आहे. 'एक घाव दोन तुकडे' हे तर अस्सल मराठी.

'ठरणं' मात्र निराळं आहे. ठरणं म्हणजे स्थिर होणं. लग्न ठरतं, भाव ठरतो. कोणी ठरवलं ते सांगितलं नाही तरी वाक्य पुरं होतं. जणू डोलणारा तराजू हळूहळू एका बाजूला झुकून थांबला. 'डिसाइड'मध्ये कोणीतरी हत्यार उचलावं लागतं.

आता मेंदूकडे येऊ. संध्याकाळच्या अंधुक उजेडात लांबून एसटी येतेय आणि पाटी नीट दिसत नाहीये, अशी कल्पना करा. पुणे की सातारा? पहिल्या नजरेत काहीच कळत नाही. मग अक्षरांची लांबी दिसते, एखादी मात्रा दिसते, पारडं थोडं इकडे, थोडं तिकडे होतं आणि एका क्षणी आपण पिशवी उचलतो. अमेरिकेत विल्यम न्यूसम आणि मायकेल शॅडलन या मेंदूसंशोधकांनी माकडांवर केलेले प्रयोग साधारण असेच होते. पडद्यावर असंख्य ठिपके सैरावैरा फिरतात, त्यांतले काही मात्र एकाच दिशेने जातात. ती दिशा ओळखून माकडाने नजर त्या बाजूला वळवायची. त्या वेळी मेंदूच्या वरच्या-मागच्या भागातल्या काही चेतापेशींचे विद्युत्स्पंद मोजले. दिशा स्पष्ट असेल तर स्पंदांचा वेग भराभर चढे, अस्पष्ट असेल तर रेंगाळत चढे. पण नजर वळण्याच्या अगदी आधी तो वेग दर वेळी जवळपास एकाच पातळीला पोचलेला असे. पुरावा साठत जातो, एका रेषेला टेकतो आणि तिथे विचार तुटून कृती सुरू होते. आधी ठरतं, मग कापलं जातं.

हे चित्र इतकं देखणं आहे की त्याच्या प्रेमात पडायला होतं, म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१६ मध्ये दुसऱ्या एका गटाने याच भागाचं काम तात्पुरतं बंद पाडलं, तरी माकडांच्या निर्णयांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे हिशेब त्या पेशींत दिसत असला, तरी तो तिथेच होतो असं म्हणता येत नाही.

या हिशेबाचं गणित मात्र मेंदूच्या अभ्यासातून आलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठात अब्राहम वाल्ड हे संख्याशास्त्रज्ञ युद्धसामग्रीच्या तपासणीचा प्रश्न सोडवत होते. मालाच्या ढिगातले किती नग तपासायचे हे आधीच बांधून घेण्याची तेव्हा रीत होती. वाल्ड म्हणाले, प्रत्येक नगानंतर हिशेब करा. वरच्या रेषेला पोचलात तर माल घ्या, खालच्या रेषेला पोचलात तर परत पाठवा, मध्ये असाल तर आणखी एक नग उचला. अचूकता तेवढीच राहून तपासणी बऱ्याचदा निम्म्यावर येई. युद्धकाळात ही पद्धत गुप्त ठेवली होती. १९४७ मध्ये तिच्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. भारत सरकारच्या निमंत्रणावरून वाल्ड व्याख्यानांसाठी इकडे आले असताना डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात त्यांचं विमान कोसळलं. पत्नीही सोबत होती. दोघंही गेले. वाल्ड ४८ वर्षांचे होते.

रेषा कुठे आखायची, हा यातला कळीचा प्रश्न. घाई करायला सांगितली की माणसं रेषा खाली आणतात, कमी पुराव्यावर तोडून मोकळी होतात आणि जास्त चुकतात. रेषा फार वर नेली तर चुका कमी होतात, पण एसटी निघून जाते.

आणि पारडं झुकतच नसेल तर? अँटोनिओ दमासिओ या मेंदुतज्ज्ञांनी कपाळामागच्या भागाला इजा झालेल्या एका रुग्णाची हकिकत लिहून ठेवली आहे. बुद्धी शाबूत, स्मरण शाबूत. दमासिओंच्या मते अशा रुग्णांत भावनेचा धागा तुटलेला असतो. त्यामुळे कुठल्याच पर्यायाला वजन येत नाही. पुढच्या भेटीसाठी त्यांनी या गृहस्थांना दोन तारखा सुचवल्या. गृहस्थांनी डायरी काढली आणि जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांच्या बाजूने आणि विरुद्ध कारणं सांगितली: आधीची कामं, इतर भेटी, त्या दिवशीची संभाव्य हवा. सगळी कारणं रास्त होती. शेवटी दमासिओ शांतपणे म्हणाले, दोन्हींतल्या दुसऱ्या तारखेला या. "ठीक आहे," असं म्हणून त्यांनी डायरी खिशात टाकली आणि ते निघून गेले.