जटिल जाळ्यांचे नियंत्रण : व्यवहारातील अडचणी

परस्परांवर अवलंबून असलेल्या असंख्य घटकांच्या व्यवस्थेला मोजक्या ठिकाणी हस्तक्षेप करून हव्या त्या स्थितीत नेणे आणि तिथे टिकवणे, म्हणजे जटिल जाळ्याचे नियंत्रण. वीजग्रिड, रेल्वे, पेशीतील जनुके ही सगळी अशी जाळी. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात याचे सर्वांत ठळक उदाहरण ऐरोलीत आहे : महाराष्ट्राचे वीजग्रिड सांभाळणारे राज्य भार प्रेषण केंद्र.

विषयाचा गणिती पाया भक्कम आहे. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी रेषीय प्रणालींसाठी (जिथे परिणाम कारणाच्या प्रमाणात बदलतो) नियंत्रणक्षमतेची, म्हणजे प्रणाली हव्या त्या स्थितीत नेता येते का याची, कसोटी दिली. दुव्यांची नेमकी ताकद ठाऊक नसली, तरी कोण कोणाशी जोडलेले आहे एवढ्यावरून बहुधा निवाडा करता येतो, हे चिंग-ताय लिन यांनी १९७४ मध्ये दाखवले. २०११ मध्ये लिउ, स्लॉटिन आणि बाराबासी यांनी मोठ्या जाळ्यांसाठी किमान किती ‘चालक बिंदू’, म्हणजे बाहेरून थेट हलवायचे घटक, हाताशी हवेत ते मोजले. हे बिंदू सहसा सर्वाधिक जोडण्यांची केंद्रे टाळतात, असेही त्यांना आढळले. मात्र प्रत्येक घटक स्वतःहून कसा बदलत जातो हे हिशेबात धरले की हे आकडे पार बदलतात.

‘नियंत्रण शक्य आहे’ एवढे उत्तर व्यवहारात फारच अपुरे पडते. चालक बिंदू थोडे असतील, तर लागणारी ऊर्जा जाळ्याच्या आकारासोबत घातांकी वेगाने वाढू शकते. त्याहून कमी चर्चेत असलेली अडचण वाटेची, म्हणजे मधल्या स्थितींची. इच्छित स्थिती अगदी जवळ असली, तरी तिथवरची वाट दूरचा वळसा घेऊ शकते, हे सन आणि मॉटर यांनी २०१३ मध्ये दाखवले. ग्रिडला असा वळसा परवडत नाही. वाटेतल्या प्रत्येक क्षणी प्रत्येक वाहिनीवरचा भार तिच्या क्षमतेच्या आत राहावा लागतो. तो फार वाढला की संरक्षक रिले (धोका ओळखणारे उपकरण) वाहिनी ट्रिप करतो, म्हणजे आपोआप तोडतो, आणि जाळ्याचा नकाशाच बदलतो.

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी हेच घडले. कळवा-पडघा दरम्यानच्या वीजवाहिनीचे एक सर्किट देखभालीसाठी बंद होते. भार दुसऱ्यावर होता आणि त्यात बिघाड झाला. मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मुंबईला ग्रिडपासून तोडून स्थानिक विजेवर जिवंत ठेवणारी आयलँडिंग यंत्रणा अशाच प्रसंगासाठी आहे, पण ती तेव्हा शहराला वाचवू शकली नाही. असे बेट तगायला आतली निर्मिती आणि मागणी त्या क्षणी जुळावी लागते.

वेळ हीसुद्धा मर्यादाच. वेळापत्रक दिवसाच्या ९६ भागांत, दर पंधरा मिनिटांचे, आखले जाते; विजेची वारंवारता (मागणी-पुरवठ्याचा तोल दाखवणारे माप) मात्र सेकंदासेकंदाला ५० हर्ट्झच्या आसपास हलत असते. मागणी अचानक चढली की कोयनेचे जलविद्युत संच काही मिनिटांत उत्पादन वाढवतात. थंड पडलेल्या औष्णिक संचाला काही तास लागतात. म्हणजे चालक बिंदू कोणता यापेक्षा तो किती लवकर हलतो, हे अधिक मोलाचे.

शिवाय ऐरोलीहून सगळी बटणे दाबता येत नाहीत. बरेचसे नियंत्रण आदेशांतून चालते. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ३३ नुसार ते पाळणे बंधनकारक आहे. पण छतावरच्या सौर पॅनेलना असा आदेश फोनवरून देता येत नाही, आणि त्यांची निर्मिती ऐरोलीच्या केंद्राला बहुतांशी अंदाजानेच धरावी लागते. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांसारखे ग्राहक व्होल्टेज डळमळताच आपापल्या बॅकअपवर जाऊ शकतात. तेव्हा एक मोठा भार, कोणी न सांगता, ग्रिडवरून नाहीसा होतो.