सा नेमका कोणाचा चुकला?

मुलांना गाणं शिकवणारी बरीच ॲप्स एक काम फार उत्साहानं करतात: परीक्षा घेतात. स्वर जुळला की हिरवा दिवा, नाही जुळला की लाल. यातली गोची बघायची असेल तर पुण्यात गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या एखाद्या मुलीच्या हाती असं ॲप देऊन बघा.

तिचा कान तानपुऱ्यावर तयार झालेला असतो. हिशेबाला सोपा म्हणून तिचा षड्ज, म्हणजे सा, २४० हर्ट्झ (सेकंदाला २४० कंपनं) धरू. तानपुऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३०० हर्ट्झ. कीबोर्डवर मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, त्यामुळे तिथला गंधार ३०२.४ वर जातो. फरक अर्ध्या स्वराच्या जेमतेम सातव्या हिश्शाचा. पण ॲप बनवणाऱ्यानं कीबोर्ड प्रमाण मानला आणि सवलत कंजुषीनं ठेवली, तर बाईंनी 'वा' म्हटलेल्या गंधाराला पडद्यावर फुली! सुरेल मुलीला बेसूर ठरवणारं ॲप मी तरी घरात ठेवणार नाही.

मुळात ॲपला स्वर कळतो कसा? आवाजाच्या लहरीची नक्कल थोडी थोडी पुढे सरकवायची आणि ती मूळ लहरीवर कधी चपखल बसते ते पाहायचं. २४० हर्ट्झला ती ४.२ मिलिसेकंदांनी बसते. पण दुप्पट सरकवली, म्हणजे ८.३ नं, तरी बसतेच, आणि तिथं फसलेलं ॲप त्याला खालच्या सप्तकातला सा समजतं. २००२ साली आलेल्या 'यिन' या पद्धतीनं असे घोटाळे पुष्कळ कमी केले. तरी पट्टी मुलाच्या गळ्यानं ठरवावी. आधी त्याला हवं ते गुणगुणू द्या, सा त्यातूनच शोधा.

तालात दुखणं वेगळं. फोन आवाजाचे छोटे गठ्ठे करून स्पीकरकडे पाठवतो. सेकंदाला ४८,००० नमुने (लहरीची मोजमापं) असतील, तर ४८० नमुन्यांचा एक गठ्ठा १० मिलिसेकंदांचा. गठ्ठे साचले की उशीर वाढतो, आणि ब्लूटूथ हेडफोन लावले की तो सहज शंभराच्या पुढे जातो. लक्ष्मी रोडवर ३४ मीटर लांबून ढोल ऐकणाऱ्यालाही ठोका इतकाच उशिरा पोचतो, पण त्याचं काही अडत नाही. वाजवणाऱ्याचं अडतं. मूल बोट आपटतं, काही वाजलं नाही म्हणून पुन्हा आपटतं, मग दोन्ही ठोके मागोमाग येतात आणि ठेका गेला.

राहता राहिली ॲपमधली बक्षिसं, म्हणजे तारे आणि नाणी. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निसबेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधीच बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली. पुढं मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी मुलांना करायला दिलेली स्ट्रॉची पिपाणी बघा. कात्रीनं कापत जावं तसा सूर चढतो. बक्षीस तेवढंच, आणि ते पुरतं.

किर्शनर आणि टोमासेलो या संशोधकांना २००९ मध्ये आढळलं, की अडीच ते साडेचार वर्षांची मुलं यंत्रापेक्षा समोर बसलेल्या माणसाबरोबर जास्त नीट ताल धरतात. म्हणून मला दोघांचं ॲप हवंय. टॅब्लेट सतरंजीवर मधोमध, आजी केरव्याचं 'धा गे न ति' वाजवणार, नातू 'न क धि न' नं उत्तर देणार. गुण दाखवायला पडद्यावर जागाच ठेवायची नाही.