मादाम एक्स: पट्ट्याआधीची गोष्ट

अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटच्या ‘मादाम एक्स’ या व्यक्तिचित्राचा विषय निघाला की गाडी चित्रातल्या बाईच्या खांद्यावरून घसरलेल्या गाऊनच्या पट्ट्यावरच अडते. रंगकामाची खरी झुंज मात्र तिच्या कांतीशी होती.

सार्जंट 1874 मध्ये पॅरिसला चित्रकार कॅरोलुस-द्युराँच्या स्टुडिओत दाखल झाला. तिथला धडा असा की रेखाटन घोटत बसायचं नाही. डोळे किलकिले करून आधी मध्यछटा (उजेड आणि सावलीच्या मधली छटा) पकडायची, मग गडद भाग आणि उजेडाचे ठिपके सगळ्यात शेवटी. ओल्या रंगाशेजारी ओला रंग ठेवायचा, चोळायचा नाही. 1879 मध्ये माद्रिदला जाऊन त्याने सतराव्या शतकातल्या स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केझच्या चित्रांच्या नकला केल्या. त्यातून हात आणखी मोकळा झाला.

‘मादाम एक्स’ म्हणजे व्हर्जिनी आमेली गोत्रो, न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेली, पॅरिसमधल्या बँकरची बायको. अंगभर पावडर. तिचा रंग सार्जंटला फिकट जांभळा, टिपकागदासारखा वाटला. त्यासाठी लेड व्हाइट (शिशाचा पांढरा), रोझ मॅडर (गुलाबी), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), व्हिरिडियन (हिरवा) आणि बोन ब्लॅक (हाडांच्या कोळशाचा काळा) अशी मिश्रणं त्याने वापरली. लाल-गुलाबीची ऊब हिरवा मारतो, काळा तिला राखाडीकडे नेतो. कान तेवढा गुलाबी ठेवलाय, कारण तिथे पावडर नाही. एवढ्याशा जागेमुळे बाकीचं अंग रंगवलेलं असल्याचं लक्षात येतं.

अडचण इथेच होती. सपाट, फिकट कांतीत छटांच्या पायऱ्या कमी, म्हणून नाक, हनुवटी, दंड यांचा आकार बाह्यरेषेलाच पेलावा लागतो. रेषा केसभर सरकली तरी चूक उघडी पडते. शिवाय 1883 च्या उन्हाळ्यात ब्रिटनीतल्या घरी बाई स्वस्थ बसेनात. कडा पुन्हापुन्हा बदलल्या गेल्या, गडद पार्श्वभूमीवर नंतर फिकट थर आला. एका दमात मारलेलं वाटणारं हे चित्र असं थरांवर थर चढून झालंय.

थरांचा धोका सांगायलाच हवा. बोन ब्लॅक तेल खूप पितो आणि सावकाश सुकतो. त्यावर लवकर सुकणारा लेड व्हाइट घाईने चढवला, तर वरचा थर ताठतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात.

1884 च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या वार्षिक चित्रप्रदर्शनात, त्या घसरलेल्या पट्ट्यावरून गहजब झाला. नंतर सार्जंटने उजवा पट्टा खांद्यावर चढवून रंगवला आणि 1916 मध्ये चित्र 1000 पौंडांना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला विकलं. लंडनच्या टेट या कलासंग्रहालयात त्याचीच एक अपुरी प्रत आहे. तिच्यात त्या खांद्यावर पट्टा रंगवलेलाच नाही.