तान्हे बाळ आणि लहान मूल बरोबर असताना सामान कसे भरावे

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नाशिकहून मुंबई, पुणे, शिर्डी किंवा वणीसाठी आमच्याकडून गाडी ठरवणाऱ्या कुटुंबांत पुष्कळदा तीन वर्षांखालील मूल असते, आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बाळासाठी काय काय घ्यावे अशी विचारणा होते. आमच्या पाहण्यात वस्तू घरी विसरल्यामुळे होणारी अडचण त्या मानाने किरकोळ असते, कारण डायपर, वाइप्स, दुधाची भुकटी यांसारख्या गोष्टी सिन्नर, संगमनेर, घोटी वा इगतपुरीच्या औषधाच्या दुकानातही मिळतात. खरी तारांबळ उडते ती वस्तू बरोबर असूनही हाती लागत नाही तेव्हा : गाडी घाटात वाहनांच्या रांगेत अडकलेली असते, बाळ ओले झालेले असते आणि कोरडे झबले डिकीत, सर्वांत खालच्या बॅगेत असते. म्हणून सामान वस्तूंच्या प्रकाराप्रमाणे न भरता ते केव्हा लागणार आहे त्याप्रमाणे भरावे, अशी आमची विनंती आहे.

तीन पिशव्या

पहिली पिशवी आईच्या किंवा बाळाजवळ बसणाऱ्या व्यक्तीच्या पायाशी राहील. तिच्यात फक्त प्रवासाच्या तासांत लागणारे सामान असावे. दुसरी पिशवी मुक्कामी पोहोचल्यावर पहिल्या रात्रीची असून तिच्यात रात्रीचे कपडे, दुपटी, मेणकापड, सवयीचे पांघरूण आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतचे खाणे ठेवावे. ती डिकीत सर्वांत शेवटी चढवली म्हणजे सर्वांत आधी उतरते. उरलेले सगळे तिसऱ्या बॅगेत जाते आणि ती सकाळी सावकाश उघडली तरी चालते. लग्नसमारंभासाठीचे बाळाचे कपडे, पैंजण, वाळे यांची जागा तिसऱ्या बॅगेतच आहे, पहिल्या पिशवीत नाही.

पायाशी ठेवायच्या पिशवीतही कप्पे करून उपयोग होत नाही, कारण एका हातात बाळ असताना दुसऱ्या हाताने चार कप्पे धुंडाळता येत नाहीत. त्याऐवजी घरीच एकेका बदलाची पुडी बांधावी. एक डायपर, मोजके वाइप्स, एक झबले आणि चड्डी, पसरायला एक लहान दुपटे आणि वापरलेले सारे कोंबायला एक रिकामी प्लॅस्टिकची पिशवी, असे एकत्र गुंडाळून ठेवले की एका पुडीत एक बदल पूर्ण होतो. प्रवासाच्या दर दोन-तीन तासांना एक पुडी धरावी आणि वर तीन जास्तीच्या घ्याव्यात. मुंबईला वाहतूक सुरळीत असेल तर साधारण चार तास लागतात, पण तशी ती नेहमी असेलच असे आम्ही सांगू शकत नाही. बाळ मांडीवर घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसासाठीही एक जास्तीचा सदरा किंवा कुर्ता वरच्या बाजूला ठेवावा. ही गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि मग दुधाच्या उलटीचा वास घेऊन पाहुण्यांच्या दारात उतरतात.

घरी कापडी लंगोट वापरणाऱ्या कुटुंबांत प्रवासातही तेच न्यावेत की नाही यावर मतभेद होतात. मुक्कामी धुणे-वाळवणे शक्य असेल तर तिथे कापडी लंगोट अवश्य वापरावेत, पण रस्त्यात मात्र डायपरच सोयीचा पडतो, असे आमचे मत आहे. पावसाळ्यात इगतपुरी आणि त्र्यंबकच्या बाजूला जाताना तर लंगोट दोन दिवसांतही वाळत नाहीत. वापरलेले डायपर घाटात किंवा शेताच्या बांधावर टाकू नयेत. पिशवीत बांधून चालकाकडे द्यावेत, पुढच्या थांब्यावर ते कचरापेटीत टाकले जातील.

कपड्यांबाबत नाशिककरांना एक खास काळजी घ्यावी लागते. डिसेंबर-जानेवारीत निफाड परिसराचा पारा राज्यातल्या सर्वांत कमी तापमानांच्या जवळपास असतो, पहाटे पाचला निघणारे बाळ कुंची, स्वेटर आणि शाल यांत गुंडाळलेले असते, आणि तेच बाळ साडेनऊच्या सुमारास ठाण्याच्या दमट हवेत घामाघूम होते. म्हणून एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घालावेत आणि पुढून उघडणारे कपडे निवडावेत, म्हणजे झोपलेल्या बाळाला न उठवता एकेक थर काढता येतो. बालआसनाच्या पट्ट्याखाली जाड स्वेटर किंवा शाल ठेवू नये, कारण धक्का बसला की कापड दबते आणि पट्टा सैल पडतो; पट्टा आधी बांधून पांघरूण त्यावरून घालावे.

दूध, पाणी आणि खाऊ

सहा महिने पूर्ण न झालेल्या आणि फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळाचे सामान सर्वांत हलके असते. त्याला उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये, उलट अंगावर पाजण्याच्या वेळा वाढवाव्यात आणि आईसाठी पाण्याची मोठी बाटली ठेवावी. पाजण्यासाठी गाडी थांबवायला चालकाला नि:संकोच सांगावे, कारण चालत्या गाडीत बाळाला पट्ट्यातून काढून पाजणे सुरक्षित नाही. पाजण्याची ओढणी वरच्या पुडीबरोबर असावी. एसटीच्या अनेक स्थानकांवर हिरकणी कक्षही आहेत.

काढून ठेवलेले आईचे दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत साधारण ४ तास टिकते. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तापमान याच्या फार वर जाते, म्हणून हे दूध गोठवलेल्या जेलपॅकसह उष्णतारोधक पिशवीतच न्यावे; तसे ते २४ तासांपर्यंत चालते. ते गरम करायचे असल्यास ढाब्यावर वाटीभर गरम पाणी मागून त्यात बाटली धरावी, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये.

भुकटीचे दूध घरून तयार करून नेण्याची पद्धत आम्हाला वारंवार दिसते आणि ती टाळावी असे आवर्जून सांगावेसे वाटते. तयार केलेले दूध २ तासांच्या आत, आणि बाळाने तोंड लावल्यावर १ तासाच्या आत संपले पाहिजे, उरलेले टाकून दिले पाहिजे. त्याऐवजी एका वेळेची भुकटी मोजून कोरड्या डब्यांत भरावी आणि उकळलेले पाणी चांगल्या थर्मासमध्ये घ्यावे. भुकटी निर्जंतुक नसते, म्हणून ती निदान ७० अंश तापमानाच्या पाण्यात कालवून मग कोमट होऊ द्यायची असते. कोमट पाण्याची बाटली नेल्यास हा हेतू साधत नाही. जितक्या वेळा दूध लागेल तितक्या धुतलेल्या, उकळलेल्या बाटल्या किंवा वाटी-बोंडले न्यावे, कारण रस्त्यात बाटली नीट धुण्याची सोय धरून चालता येत नाही. वर्षावरील मुलासाठी दुधाचे छोटे बंद खोके सोयीचे असतात; न उघडता ते थंड ठेवावे लागत नाहीत.

सहा महिन्यांवरील बाळासाठी नाचणीचे सत्त्व, भाजून दळलेल्या तांदूळ-मूगडाळीची पूड आणि थर्मासमधील गरम पाणी एवढ्यावर दोन वेळचे खाणे निघते. केळे तर कोणत्याही थांब्यावर मिळते. वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. गुटीबरोबर देण्याची प्रथा असली तरी त्यातून क्वचित पण गंभीर विषबाधा होते. नाशिकच्या पाहुणचाराच्या दोन गोष्टींबद्दल विशेष सावध राहावे लागते. चिवड्यातील शेंगदाणे आणि डाळे लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात, आणि अख्खे द्राक्ष तर आकाराने अगदी घसा बंद करील असेच असते. पाच वर्षांखालील मुलाला द्राक्ष उभे चार भाग करूनच द्यावे, आणि ही कापाकापी घरी करून डबा भरावा. चालत्या गाडीत कोणताही कडक खाऊ देऊ नये. मागे वळून पाहणाऱ्या पुढच्या सीटवरील आजीला मूल गुदमरत असल्याचे कळतही नाही.

प्रवासात गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखालील बाळांना सहसा होत नाही, त्याहून मोठ्या मुलांना मात्र कसारा किंवा चंदनापुरी घाटात पुष्कळदा होतो. निघण्यापूर्वी पोटभर दूध न देता थोडे कोरडे खाणे द्यावे, घाटात मोबाइल हातात देऊ नये आणि उलटीसाठी पिशवी सीटच्या खिशात आधीच अडकवून ठेवावी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून जुना घाट टाळता येतो, पण त्या मार्गावर वाटेल तिथे कडेला थांबता येत नाही. म्हणून त्या रस्त्याने जायचे ठरल्यास घोटीच्या परिसरातच बाळाला बदलून, पाजून घ्यावे.

औषधे

येथे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. बाळाचे नेहमीचे औषध त्याच्या मूळ बाटलीसह आणि तिच्याच ड्रॉपरसह न्यावे. पॅरासिटामॉलच्या थेंबांत आणि सिरपमध्ये औषधाचे प्रमाण एकसारखे नसते. थेंबांत बहुधा दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असते, तर सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅम असते. रस्त्यातल्या दुकानातून वेगळी बाटली घेऊन घरच्या ड्रॉपरने जुन्याच मापात औषध दिल्यास मात्रा फार कमी किंवा धोकादायक रीतीने जास्त होऊ शकते. आपल्या डॉक्टरांकडून बाळाच्या सध्याच्या वजनानुसार मात्रा लिहून घ्यावी आणि तो कागद बाटलीला रबरबँडने बांधावा.

मूल झोपून जावे म्हणून सर्दीचे औषध पाजण्याचा सल्ला नातेवाइकांकडून मिळतो, तो कृपया मानू नये. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे देऊ नयेत असे कळवले आहे. ओआरएसची पाकिटे घेताना ती १ लिटर पाण्यासाठी आहेत की २०० मिलिलिटरसाठी, हे पाकिटावर पाहून तेवढ्या मापाची बाटलीही बरोबर ठेवावी. कालवलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. थर्मामीटर, लसीकरणाचे कार्ड आणि मच्छरदाणी दुसऱ्या पिशवीत चालेल. तातडीच्या वेळी राज्यात कोठूनही १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

गाडीतील जागा आणि पट्टा

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावता नेल्यास १,००० रुपये दंड आहे. दंडापेक्षाही मोठी गोष्ट अशी की जोरात ब्रेक लागल्यावर मांडीवरचे बाळ कोणाच्याही हातांत राहत नाही. आपल्याकडे बालआसन असल्यास ते अवश्य आणावे आणि तान्ह्या बाळासाठी मागे तोंड करून मागच्या सीटवरच बसवावे. पुढे, एअरबॅगसमोर, तसे आसन कधीही लावू नये. भाड्याच्या गाड्यांत सीट कव्हरखाली पट्ट्याचे बकल दबून गेलेले असते, हा सर्वत्र दिसणारा दोष आहे. त्यामुळे आदल्या दिवशी कळवल्यास आम्ही बकल मोकळे करून गाडी पाठवतो.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत टाकीने डिकीची बरीच जागा घेतलेली असते आणि बाबागाडी त्यात बहुधा मावत नाही. शिवाय गॅस भरताना सर्व प्रवाशांना खाली उतरावे लागते, म्हणजे झोपलेले बाळही उठते. सामान टपावरील कॅरिअरवर बांधायचे झाल्यास तिथे केवळ तिसरी बॅग द्यावी, आणि पावसाळ्यात तिच्यातील कपडे आतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावेत, कारण ताडपत्री सर्व पाणी अडवत नाही.

वणी आणि त्र्यंबकेश्वरला बाबागाडीचा उपयोग जवळजवळ होत नाही. वणीच्या गडावर ट्रॉलीची सोय असली तरी गर्दीत रांगेत उभे राहावे लागते, तिथे अंगावर बांधायचा बेबी कॅरिअर बरा. गडावर माकडे आहेत आणि ती हातातली खाऊची पिशवी ओढतात, म्हणून केळी-बिस्किटे बंद चेनच्या पिशवीत असावीत. सिंहस्थाच्या पर्वण्यांच्या काळात वाहने दूरच्या वाहनतळावर थांबवली जाण्याची शक्यता धरून पुड्यांची संख्या दुप्पट करावी, आणि चालू लागलेल्या मुलाच्या खिशात पालकांचा भ्रमणध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

पुढे रेल्वे किंवा विमान असल्यास

नाशिकरोड स्थानकावर किंवा ओझर विमानतळावर सोडायचे असेल तर पहिली पिशवी पाठीवर घेता येईल अशी असावी, म्हणजे एक हात मुलासाठी मोकळा राहतो. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र बर्थ न घेतल्यास तिकीट लागत नाही, पण मग त्याची झोप तुमच्याच बर्थवर होणार हे लक्षात ठेवून खालचा बर्थ मागावा. विमानासाठी बाळाच्या वयाचा दाखला वरच्या कप्प्यात ठेवावा. बाळाचे दूध, पातळ अन्न आणि औषध प्रवासापुरते हातसामानात नेता येते. तपासणीला ते आपण होऊन बाहेर काढून दाखवावे. विमान उतरू लागताना बाळाला दूध पाजल्यास कानांना त्रास कमी होतो, म्हणून एक वेळचे दूध त्यासाठी राखून ठेवावे.

गाडी ठरवताना

आपण नोंदणी करताना मुलाचे वय, बालआसन आपण आणणार आहात का, बाबागाडी आहे का आणि ती घडीची आहे का, मोठ्या बॅगा किती आहेत आणि बाळाची झोपेची वेळ साधारण कोणती, एवढे कळवावे. त्यावरून डिझेलची गाडी द्यायची की सीएनजीची, आणि पहिला थांबा सिन्नरला घ्यायचा की संगमनेरला, हे चालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवता येते. निघण्याच्या वेळेआधी वीस मिनिटे गाडी दारात येईल; बालआसन बसवण्यासाठी आणि दुसरी पिशवी सर्वांत शेवटी डिकीत चढवण्यासाठी तेवढा वेळ लागतो, आणि त्या वेळेचे भाडे आकारले जात नाही.