कुटकी

कुटकी : (हिं. कुटकी; म. कुटकी, केदारकडू; सं. कटुका, कटुरोहिणी, तिक्ता, लॅ. पिक्रोऱ्हायझा कुरोआ, कुल–प्लँटॅजिनेसी, पूर्वी स्क्रोफ्युलॅरिएसी). पश्चिम हिमालयात साधारण ३,००० मी.च्या वर, खडकांच्या फटींत व ओलसर उतारांवर वाढणारी लहान बहुवर्षायू ओषधी. सह्याद्रीत ती उगवत नाही. महाराष्ट्रातील काष्ठौषधींच्या दुकानांत येणारा सर्व माल उत्तरेकडचा असतो. औषधात जमिनीखालचे मूलक्षोड (आडवे वाढणारे खोड) व त्याला फुटलेली मुळे वापरतात.

ओळख व वाद : या वनस्पतीची फुले दोन प्रकारची आढळतात : एकांत पाकळ्या आखूड व पुंकेसर लांब बाहेर आलेले, तर दुसऱ्यांत पुष्पमुकुट (पाकळ्यांचे मंडल) लांब, द्व्योष्ठी (दोन ओठांसारखा) व पुंकेसर आखूड. एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही एकाच जातीची द्विरूपता मानली. वनस्पतिशास्त्रज्ञ पेनेल यांनी १९४३ मध्ये दुसऱ्या प्रकाराला पि. स्क्रोफ्युलॅरीफ्लोरा ही स्वतंत्र जाती ठरविले. पुढे तिच्यासाठी निओपिक्रोऱ्हायझा ही वेगळी प्रजातीही (जवळच्या जातींचा गट) सुचविण्यात आली. जाती वेगळ्या मानणे आज अधिक ग्राह्य वाटते. प्रजातीबद्दल मात्र एकमत दिसत नाही. नेपाळ, सिक्कीम व तिबेटकडचा माल बहुधा या दुसऱ्या जातीचा असतो. वाळल्यावर फुले उरत नाहीत आणि दोन्हींची मूलक्षोडे जवळजवळ सारखीच दिसतात, त्यामुळे बाजारात ती सर्रास एकत्र होतात. वादाला व्यावहारिक बाजूही आहे : १९९७ मध्ये साइट्स कराराच्या (धोक्यातील वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) दुसऱ्या परिशिष्टात पि. कुरोआचा समावेश झाला, दुसरी जाती वगळली गेली. त्रायमाण (जेन्शियाना कुरू) व लॅगोटिस यांची भेसळही होते. जुन्या लेखनात कुटकीची काळा हेलेबोर या युरोपीय वनस्पतीशी गल्लत झालेली आढळते. हेलेबोर विषारी असल्याने असे उल्लेख जपून वाचावेत.

परीक्षा : चांगले तुकडे काही सेंमी. लांब, करडे-तपकिरी, उभ्या सुरकुत्यांचे असतात. त्यांवर गळालेल्या मुळांचे गोल वण दिसतात, टोकाशी कळी व पानांच्या खवल्यांचा झुबका राहतो. वाळका तुकडा कटकन तुटतो. आत काळसर गर व पांढुरके काष्ठ दिसते. वाकणारा तुकडा दमट असतो व त्याला बुरशी लवकर लागते. भुकटी हवेतला ओलावा शोषून गोळा होते, म्हणून तुकडे साठवून गरजेपुरते कुटणे चांगले.

पचनासाठी वापर : चरकसंहितेत कटुरोहिणी लेखनीय (मेद खरवडून कमी करणारी), भेदनीय (साठलेला मल मोकळा करणारी) व स्तन्यशोधन (आईचे दूध शुद्ध करणारी) या औषधगणांत येते. दीपन (भूक वाढविणे) आणि भेदन (रेच होणे) ही तिची दोन कामे मात्रेवर अवलंबून आहेत. भूक मंदावणे, जडपणा, तोंडाला चव नसणे यांसाठी पाव ते अर्धा ग्रॅ. चूर्ण कोमट पाण्यातून जेवणाआधी पाऊण-अर्धा तास देतात. फांटही (गरम पाण्यात भिजवून काढलेला अर्क) चालतो : एक ग्रॅ. भरड कपभर उकळत्या पाण्यात झाकून ठेवावी व दहा मिनिटांनी गाळावी. कडू ग्लायकोसाइडे (साखरेशी जोडलेली द्रव्ये) पाण्यात सहज उतरतात. चूर्णाची नेहमीची मात्रा १–३ ग्रॅ. धरतात, ३–६ ग्रॅ.ला जुलाब होतात. भूक वाढावी म्हणून सुरू केलेल्या औषधाने पोटात मुरडा येऊन शौचास पातळ होऊ लागले, तर बहुतेक वेळा मात्रा जास्त झालेली असते. अशा वेळी ती कमी करतात. सुंठीची जोडही देतात. ज्वरप्रकरणातील एका प्राचीन योगात मात्र एक अक्ष, म्हणजे आजच्या मापाने १२ ग्रॅ.च्या आसपास, कटुका साखरेसह सांगितली आहे. ती मात्रा आजच्या रुग्णाला लागू करू नये.

कडू चवीची जाणीव जिभेवर झाली की लाळ व जठररस सुटण्यास मदत होते, असे मानतात. हे खरे धरले तर कॅप्सूलमधून घेतलेल्या कुटकीचा हा भाग हुकतो. मध घालून चव पूर्ण झाकणेही त्याच कारणाने फारसे उपयोगाचे नाही.

अतिसार, गर्भारपण आणि पित्तनलिकेतील खडे असताना ती टाळतात. काविळीत कारण न कळता घेऊ नये.

घटक : पिक्रोसाइड-१ व कुटकोसाइड या कडू ग्लायकोसाइडांच्या मिश्रणाला ‘कुटकिन’ म्हणत. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने याच वनस्पतीपासून ‘पिक्रोलिव्ह’ हा प्रमाणित अर्क तयार केला. यकृतसंरक्षणाचा पुरावा मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांतला आहे. आरोग्यवर्धिनी या आयुर्वेदिक गोळीत कुटकी सुमारे निम्म्या वजनाची असली, तरी त्यात पारा व ताम्रभस्म असते. म्हणून ती साध्या कुटकीला पर्याय नव्हे.