ठिणगीची वेळ रस्त्यावर कळत नाही

मोठा टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) बसवला, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे नोझल) बदलले, एक्झॉस्टचा पाइप रुंद केला, की गाडीच्या ईसीयूमधले, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातले, जुने आकडे निकामी होतात. ते मूळ इंजिनासाठी ठरवलेले असतात आणि आता इंजिनात शिरणारी हवाच बदललेली असते. नवे आकडे भरावे लागतात. ते रस्त्यावर गाडी पळवून शोधायचे की डायनोवर, म्हणजे रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, बांधून, यावर गाडीवेडे लोक हट्टाने भांडतात. मला या भांडणात एक गोष्ट नेहमी राहून गेलेली दिसते. नेमकं काय ट्यून करायचं आहे, हे आधी कुणी विचारतच नाही.

ईसीयूचा मॅप म्हणजे चौकटींचा तक्ता. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. असे तक्ते अनेक असतात, पण खरी मेहनत दोनांवर होते: पेट्रोल किती फवारायचं आणि ठिणगी कधी पाडायची.

पेट्रोलचं काम त्यातल्या त्यात सरळ आहे. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, मिश्रण मुद्दाम रिच, म्हणजे जादा पेट्रोलचं, ठेवतात. टर्बो नसलेल्या साध्या इंजिनात हवेचं हे प्रमाण १२.५ ते १३ च्या आसपास असतं, टर्बो इंजिनात बहुधा ११ ते १२ च्या. जादा पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि सिलिंडरमधलं तापमान आवाक्यात राहतं. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर लावला की हे प्रमाण चालत्या गाडीत वाचता येतं. म्हणून पेट्रोलचा तक्ता लॉग (चालताना नोंदलेले आकडे) बघून रस्त्यावरही छान जमवता येतो.

ठिणगीच्या वेळेचं, म्हणजे टायमिंगचं, तसं नाही. ज्वाला सिलिंडरभर पसरायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी पाडतात. दाब सर्वांत जास्त व्हायला हवा तो पिस्टन माथ्यावरून खाली वळल्यावर साधारण १५ अंशांनी. ठिणगी लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच दाब विरोध करतो. उशिरा पडली तर ताकद एक्झॉस्टवाटे उष्णता बनून निघून जाते. ६,००० आरपीएमला क्रँकचा १ अंश म्हणजे सेकंदाचा ३६,०००वा भाग! आणि योग्य क्षण कोणता, हे सांगणारा सेन्सर सहसा गाडीत नसतो. ते फक्त टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ देण्याचा जोर, सांगतो.

तोही हळू आवाजात सांगतो. योग्य टायमिंगच्या आसपास टॉर्कचा आलेख पठारासारखा सपाट असतो. २ अंश इकडेतिकडे केले तर टक्काभरही फरक पडत नाही. सीटवर बसून तो जाणवणं शक्य नाही, मग चालक कितीही मुरलेला असो. पण त्याच २ अंशांत इंजिन नॉकिंगच्या काठावर जाऊ शकतं. नॉकिंगमध्ये ज्वाला पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं, दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात आणि सेकंदाला सहा-सात हजार वेळा थरथर होते. धातूवरचा वायूचा पातळ संरक्षक थर त्यात फाटतो. पिस्टनचा माथा वितळतो, रिंगांमधली कड तुटते. टर्बो इंजिनात पंपावरचं पेट्रोल असेल तर पुष्कळदा टॉर्कचं पठार यायच्या आतच नॉकिंग सुरू होतं. तिथे तर अंदाजाला जागाच नाही.

रस्त्यावर ताकद मोजता येत नाही असं नाही. वस्तुमान, त्वरण आणि वेग यांचा गुणाकार केला की ती मिळते. पण १,५०० किलोची गाडी ताशी १०८ किलोमीटरने धावत असताना रस्त्याला १ टक्का चढ असेल, तर तेवढ्यानेच ४.४ किलोवॅट, म्हणजे जवळपास ६ हॉर्सपॉवरची चूक होते. १ टक्का चढ डोळ्यांना दिसतही नाही. समोरचा वारा वेगळाच.

डायनोचा जन्मच मोजण्यासाठी झाला. गास्पार द प्रोनी यांनी १८२१ मध्ये फिरत्या चाकावर घर्षणाचा ब्रेक दाबून ताकद मोजली. १८७७ मध्ये विल्यम फ्रूड यांनी तेच काम पाण्याकडून करून घेतलं. आज काही डायनोंत नुसता जड रोलर असतो आणि तो किती झपाट्याने वेग घेतो यावरून ताकद काढतात. मला भरवसा वाटतो तो ब्रेक असलेल्या डायनोचा. त्यात चुंबकीय ब्रेक इंजिनाला ३,००० आरपीएमवर धरून ठेवतो. मग एकाच चौकटीत थांबून टायमिंग थोडं थोडं पुढे सरकवायचं, टॉर्क वाढायचा थांबला की थांबायचं आणि किंचित मागे यायचं. चालत्या रस्त्यावर इंजिनाला असं एका जागी धरून ठेवणार कसं?

आता डायनोची खोट. समोरचा पंखा कितीही मोठा असला तरी ताशी १५० किलोमीटरचा वारा तो देत नाही. टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर तापतो, आत जाणारी हवा गरम होते, ईसीयू टायमिंग मागे खेचतो. बूस्टचा, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाचा, प्रश्न त्याहून गंभीर आहे. हलका रोलर झटकन फिरतो, त्यामुळे टर्बोला दाब बांधायला वेळ मिळत नाही. तीच गाडी चौथ्या गिअरमध्ये घाट चढायला लागली की इंजिनावर भार दीर्घकाळ राहतो, बूस्ट कमी आरपीएमलाच चढतो आणि इंजिन अशा चौकटींत शिरतं जिथे डायनोवर ते कधी गेलंच नव्हतं. तिथले आकडे कुणी तपासलेले नसतात. डायनोवर झकास चाललेलं इंजिन पुढे फुटतं, त्यामागे पुष्कळदा हीच न तपासलेली चौकट असते. थंड इंजिन सुरू करणं, सिग्नलवरचं आयडल, अ‍ॅक्सिलरेटर अचानक दाबल्यावरचा क्षणभराचा अडखळा, हेही रस्त्यावरच नीट दिसतं. पेट्रोलचा काही भाग इनटेकच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीच्या, भिंतीला चिकटून राहतो, त्याचा हिशेब बसवायला खऱ्या वापराचे लॉग लागतात.

म्हणून माझ्या मते क्रम ठरलेला आहे. टायमिंग डायनोवर, नंतर रस्त्यावर अर्ध्या थ्रॉटलपर्यंतचे लॉग आणि पूर्ण थ्रॉटल फक्त बंद ट्रॅकवर. वेग १०० वरून २०० झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते, आणि सार्वजनिक रस्त्यावर ती दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर जाऊ शकते. लॅपटॉपकडे बघत हे काम करणाऱ्यांचा मला राग येतो.

डायनोच्या कागदावरचा आकडा मिरवण्यात तसा अर्थ नाही. टायरमधली हवा, गाडी बांधणाऱ्या पट्ट्यांचा ताण, हवामानानुसार आकड्यात केलेली दुरुस्ती यांनी तो हलतो. त्याच डायनोवर, त्याच गाडीचा आधीचा आणि नंतरचा आलेख एवढंच तुलनेला खरं. ट्यूनरकडून गाडी घेताना मी आधी उष्ण दिवशी, वरच्या गिअरमध्ये, भाराखाली काढलेला लॉग मागेन. त्यात तीन रेषा बघायच्या: इनटेकमधल्या हवेचं तापमान, हवा-पेट्रोलचं प्रमाण आणि नॉकिंगमुळे ईसीयूने किती टायमिंग मागे घेतलं. तिसरी रेषा शून्यावरून पुन्हा पुन्हा खाली जात असेल, तर गाडी परत डायनोवर चढवायची.